बॅटरीला पाणी का लागतं? एका राखाडी खनिजाची गोष्ट



फर्स्ट इयरची केमिस्ट्री एकदाची सुटली की आपण ते जर्नल रद्दीत घालतो आणि पुन्हा त्या विषयाचं नाव काढत नाही. पण केमिस्ट्री काही आपल्याला सोडत नाही. ती घरात जिन्याखाली, इन्व्हर्टरच्या ट्रॉलीत बसलेली असते. एक साधा प्रश्न बघा. घरची इन्व्हर्टरची बॅटरी दोन-चार महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर मागते. गाडीतली सीलबंद बॅटरी मात्र तीन-चार वर्षं थेंबभर पाणी न मागता चालते. दोन्हींत शिसं, दोन्हींत सल्फ्युरिक अ‍ॅसिड, दोन्हींची रिअ‍ॅक्शन तीच. मग एक तहानलेली आणि दुसरी उपाशी राहूनही खूश, असं का?

या प्रश्नाचं उत्तर एका धातूत आहे : अँटिमनी. आणि शिसं-अँटिमनी ही जोडी माणसाने जमवण्याआधी निसर्गाने करोडो वर्षांपूर्वी जमवून ठेवली होती, एका राखाडी, चकचकीत, केसासारख्या खनिजात. त्या खनिजापासून सुरुवात करू आणि बॅटरीपर्यंत येऊ. वाटेत अंजन लागेल, छापखाना लागेल आणि शेवटी भंगारवालाही भेटेल.

बूलँजेराइट म्हणजे काय?

नाव जरा तोंडात अडकतं, पण आहे ते एका इंजिनिअरचं. शार्ल बूलाँजे (१८१०-१८४९) हा फ्रेंच खाण अभियंता. त्याच्या सन्मानार्थ १८३७ साली या खनिजाला बूलँजेराइट हे नाव मिळालं. म्हणजे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी पठ्ठ्याच्या नावाचं खनिज होतं. आपण त्या वयात बायोडाटा सुधारत बसलेले असतो!

हे शिसं आणि अँटिमनी यांचं सल्फाइड आहे. सूत्र लक्षात ठेवायला सोपं : शिशाचे ५ अणू, अँटिमनीचे ४ आणि गंधकाचे ११. व्हॅलन्सीचा हिशेब जुळतो का ते बघा. शिसं +२, म्हणजे ५ × २ = १०. अँटिमनी +३, म्हणजे ४ × ३ = १२. बेरीज २२. गंधक -२, म्हणजे ११ × २ = २२. जमलं. आता अणुभार घालून टक्केवारी काढली, तर वजनाने सुमारे ५५ टक्के शिसं, २६ टक्के अँटिमनी आणि १९ टक्के गंधक येतं. म्हणजे शुद्ध बूलँजेराइट एक टन असेल तर त्यात साधारण ५५० किलो शिसं आणि २६० किलो अँटिमनी.

दिसायला ते शिशासारखं राखाडी आणि धातूसारखं चमकणारं. मोज मापनपट्टीवर कठीणपणा २.५ ते ३, म्हणजे तांब्याच्या नाण्याने ओरखडा उठेल इतकं मऊ. घनता पाण्याच्या सुमारे सहापट. आपल्याकडचा काळा पत्थर पाण्याच्या तिपटीच्या आसपास असतो, म्हणजे तेवढ्याच आकाराचा बूलँजेराइटचा खडा हातात घेतला तर दुप्पट जड लागेल. पण याची खरी गंमत म्हणजे त्याचे तंतू. कधीकधी हे खनिज इतक्या बारीक केसांच्या रूपात वाढतं की दगडाच्या पोकळीत राखाडी लोकरीचा पुंजका ठेवल्यासारखा दिसतो. जुन्या खाणकामगारांनी अशा खनिजांना ‘पिसांचं खनिज’ असं नाव दिलं होतं. बूलँजेराइटचे बारीक तंतू वाकतात. त्याचा भाऊबंद जेम्सोनाइट, ज्यात शिसं-अँटिमनीबरोबर लोखंडही असतं, त्याचे तंतू वाकवले की मोडतात. दोघांना ओळखायची ही घरगुती खूण.

अशा खनिजांच्या कुटुंबाला सल्फोसॉल्ट म्हणतात. शिशाचं साधं सल्फाइड म्हणजे गॅलेना आणि अँटिमनीचं साधं सल्फाइड म्हणजे स्टिबनाइट. या दोन टोकांच्या मधे वेगवेगळ्या प्रमाणात शिसं-अँटिमनी असलेली खनिजांची रांगच आहे. झिंकेनाइट, प्लॅजिओनाइट, सेमसेइट, बूलँजेराइट, जिओक्रोनाइट... दिसायला सगळीच राखाडी. व्हायवाला एक्स्टर्नलने समोर ठेवली तर रामनाम जपावं.

खारबावच्या डोंगरात ते सापडेल का?

नाही. आणि का नाही, हे समजून घेण्यासारखं आहे.

वसई रोडहून दिव्याकडे जाणारी गाडी जूचंद्र, कामण रोड करत खारबावला येते. खिडकीतून जे डोंगर दिसतात ते सगळे डेक्कन ट्रॅपचे, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतलेल्या लाव्हाच्या थरांचे. हा बेसॉल्ट लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम यांनी भरलेला आहे. शिसं त्यात दहा लाखात काही मोजके भाग, अँटिमनी त्याहून कमी. नुसता धातू असून भागत नाही, तो एका जागी गोळा व्हावा लागतो. हे गोळा करण्याचं काम जमिनीखालचं गरम, खारट पाणी करतं. ते खडकांतून शिसं, जस्त, चांदी, अँटिमनी विरघळवत फिरतं आणि गंधक मिळालं, तापमान उतरलं की भेगांतून नाहीतर गाळाच्या थरांतून सल्फाइडच्या रूपात सोडून देतं. आधी जास्त तापमानाची खनिजं बसतात, आणि पाणी निवत आलं की शेवटी-शेवटी अँटिमनीवाली मंडळी येतात. आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांतूनही पाणी फिरलं, पण त्याने झिओलाइट, कॅल्साइट आणि गारगोटी ठेवली. सिन्नरचं ‘गारगोटी’ संग्रहालय पाहिलं असेल त्यांना तो खजिना माहीत आहे. सुंदर आहे, पण त्यातून शिसं निघत नाही.

भारतात ही शिसं-अँटिमनीची जोडी बघायची तर राजस्थानात राजसमंद जिल्ह्यात राजपुरा-दरीबाला जावं लागेल. हिंदुस्तान झिंकची ही शिसं-जस्ताची खाण सल्फोसॉल्ट खनिजांसाठी भूगर्भशास्त्रज्ञांत प्रसिद्ध आहे. तिथे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या खाणकामाच्या खुणा आहेत. म्हणजे आपल्या पूर्वजांनी हा राखाडी दगड हातात घेतला होता, फक्त त्याचं सूत्र त्यांना ठाऊक नव्हतं.

अंजनाचा घोळ

आणि इथेच एक जुना गोंधळ सुरू होतो. डोळ्यांत घालायचं अंजन किंवा सुरमा कशाचा? रसशास्त्राच्या ग्रंथांत अंजनाचे पाच प्रकार सांगितले आहेत : सौवीरांजन, रसांजन, स्रोतोंजन, पुष्पांजन आणि नीलांजन. यातलं एखादं अँटिमनीचं सल्फाइड आणि एखादं शिशाचं, असं अभ्यासक मानतात, पण कुठलं नाव कुठल्या खनिजाचं यावर एकमत होत नाही. यात दोष कुणाचाच नाही. गॅलेना आणि स्टिबनाइट दोन्ही राखाडी, दोन्ही चकचकीत, आणि खलात घोटल्यावर दोन्हींची पूड सारखीच काळी. खडा अख्खा असेल तर गॅलेना चौकोनी तुकड्यांत फुटतो आणि स्टिबनाइट लांब सुयांचा असतो. पण पूड झाली की ओळख संपली.

हे दोन्ही पदार्थ समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्यावरही येत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासपुस्तिकेत भडोच बंदरातल्या आयातीच्या यादीत तांबं, कथील, शिसं आणि अंजनाचं अँटिमनी अशी नावं आहेत. त्याच पुस्तिकेत आपल्या शेजारच्या कल्याण आणि सोपारा बंदरांचाही उल्लेख आहे. सातवाहनांनी तर शिशाची नाणी पाडली. सोनं-चांदी नको, शिसं चालेल, असं म्हणणारे राजे जगात फार नव्हते.

यातला आजच्या कामाचा भाग एवढाच, की बाजारात मिळणाऱ्या सुरम्याच्या अनेक नमुन्यांत तपासणी केल्यावर शिशाचं सल्फाइड आढळलेलं आहे, आणि काहींत ते निम्म्याहून जास्त भरलं आहे. लहान मूल डोळे चोळतं आणि तोच हात तोंडात घालतं. त्यामुळे आजीला न दुखावता, पण ठामपणे सांगा : बाळाला काळा टिळा लावायचा तर निरांजनावर धरलेल्या घरच्या काजळीचा. दुकानातला बिनलेबलचा सुरमा नको. आणि जाता-जाता, आपल्या ‘शिसपेन्सिली’त शिसं अजिबात नसतं. ते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन. तेही राखाडी, तेही मऊ. म्हणून माणसं पुन्हा फसली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

आधी फारकत, मग पुन्हा लग्न

बूलँजेराइट सहसा गॅलेनात इतकं बारीक मिसळलेलं असतं की दगड दळून, पाण्यात फेस करून धातुकण वर काढायच्या पद्धतीत, म्हणजे फ्लोटेशनमध्ये, दोघेही एकत्रच तरंगतात. मग ते भट्टीत जातं. आधी हवेत भाजतात : गंधक सल्फर डायऑक्साइड होऊन निघून जातो आणि धातूंचे ऑक्साइड उरतात. मग कोकबरोबर तापवून ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेतात. खाली जमतं ते शिसं. पण त्यात अँटिमनी मिसळलेलं, म्हणून त्याला ‘हार्ड लेड’ म्हणतात.

शुद्ध, मऊ शिसं हवं असेल तर वितळलेल्या धातूत हवा सोडतात. अँटिमनीचं ऑक्सिजनवर प्रेम शिशापेक्षा जास्त, त्यामुळे ते आधी जळून ऑक्साइडची मळी होऊन वर तरंगतं आणि झाऱ्याने काढता येतं. या क्रियेचं नावच ‘सॉफ्टनिंग’.

आता गंमत बघा. एवढी मेहनत करून वेगळे केलेले हे दोन धातू कारखान्यात पुन्हा एकत्र आणले जातात! कारण शुद्ध शिसं नखाने ओरखडता येतं, स्वतःच्या वजनाने वाकतं. अँटिमनी उलट, कडक पण ठिसूळ, हातोडी मारली की चुरा. एकट्याने दोघेही बिनकामाचे. एकत्र आले की संसार होतो.

मटेरियल सायन्सच्या पेपरात युटेक्टिक डायग्राम काढतो ना, त्याचं हे छान उदाहरण आहे. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, अँटिमनी ६३१ अंशांना. पण शिशात सुमारे ११ टक्के अँटिमनी घातलं की मिश्रण अवघ्या २५२ अंशांना वितळतं, म्हणजे दोघांच्याही खाली. ओतकामाला इतका सोपा आणि थंड झाल्यावर इतका टणक धातू मिळाला तर कोण सोडेल?

खिळे जुळवणाऱ्यांचा धातू

या मिश्रधातूने मराठीवर मोठे उपकार केले आहेत. ऑफसेट आणि डीटीपी येण्यापूर्वी छापखान्यात एकेक अक्षराचा खिळा ओतलेला असे. तो शिसं, अँटिमनी आणि थोडं कथील यांचा. शिसं स्वस्त आणि ओतायला सोपं, कथीलाने रस पातळ होऊन साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात शिरतो आणि अँटिमनीने खिळा टणक होतो. दुसरं म्हणजे, बहुतेक धातू गोठताना आकसतात, पण अँटिमनीमुळे हे आकसणं खूप कमी होतं. त्यामुळे वेलांटी, रफार, अर्धचंद्र यांच्या कडा साच्यात जशा कोरल्या तशाच उमटतात. इंग्रजीला मोजके खिळे पुरतात. आपल्या देवनागरीला काना-मात्रा आणि जोडाक्षरं धरून शेकडो लागत. जावजी दादाजी यांनी मुंबईत १८६०च्या दशकात सुरू केलेला टाइप ओतायचा कारखाना आणि निर्णयसागर छापखाना यांच्या सुबक अक्षरांचं नाव आजही जुने वाचक आदराने घेतात.

टाइप ओतण्याच्या यंत्रावर एका मराठी माणसाने आयुष्य खर्च केलं, हेही आपल्याला माहीत हवं. मुंबईत १८६७ साली जन्मलेले शंकर आबाजी भिसे. लंडन आणि पुढे अमेरिकेत राहून त्यांनी ‘भिसोटाइप’ हे खिळे ओतण्याचं यंत्र विकसित केलं. सर रतन टाटांनी त्यांना आर्थिक पाठबळ दिलं होतं. १९३५ साली न्यूयॉर्कला त्यांचं निधन झालं. मेकॅनिकलच्या किती पुस्तकांत त्यांचं नाव आहे, ते तुम्हीच शोधा.

आता बॅटरीकडे

लेड-अ‍ॅसिड बॅटरी १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने केली. पुढे प्लेटसाठी शिशाची जाळी, म्हणजे ग्रिड, करून त्यात शिशाच्या ऑक्साइडची पेस्ट भरायची पद्धत आली. पण शुद्ध शिशाची जाळी उचलताना वाकायची, साच्यातून नीट सुटायची नाही. १८८१ साली सेलन या इंग्रजाने शिशात अँटिमनी घातलं आणि प्रश्न सुटला. सुरुवातीच्या काळात हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास असे.

पण संसार म्हटला की तक्रार आलीच. ती समजायला आधी एक विचित्र गोष्ट लक्षात घ्या. पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन व्हायला सिद्धान्ताप्रमाणे १.२३ व्होल्ट पुरतात. बॅटरीचा एक सेल मात्र २ व्होल्टचा, आणि चार्ज करताना २.४ च्या आसपास नेतो. मग अ‍ॅसिडमधलं पाणी क्षणात फुटून सेल उकळायला हवा! तो उकळत नाही, कारण शिशाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन तयार व्हायला फार त्रास पडतो. जादा व्होल्टेज दिल्याशिवाय तो निघतच नाही. याला ओव्हरव्होल्टेज म्हणतात. थोडक्यात, शिशाच्या आळशीपणावर ही बॅटरी जिवंत आहे.

अँटिमनी मात्र तेवढं आळशी नाही. पॉझिटिव्ह प्लेटची जाळी हळूहळू गंजते, तिच्यातलं अँटिमनी अ‍ॅसिडमध्ये उतरतं, पोहत निगेटिव्ह प्लेटवर जाऊन बसतं. तिथे त्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजन सहज निघतो. परिणाम दोन. एक, चार्ज करताना बुडबुडे वाढतात, म्हणजे पाणी उडून जातं. दोन, बॅटरी नुसती पडून असली तरी आपोआप उतरते. बॅटरी जुनी होत जाते तसं तिला पाणी जास्त लागतं, कारण निगेटिव्हवर बसलेलं अँटिमनी वाढत गेलेलं असतं. आता कळलं तहानेचं कारण?

मग अँटिमनी काढूनच का टाकत नाही? तेही करून झालं. १९३५ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांसाठी शिसं-कॅल्शियमचा मिश्रधातू वापरला गेला. पाण्याची कटकट जवळजवळ संपली. आजच्या गाड्यांतल्या ‘मेंटेनन्स-फ्री’ बॅटऱ्या याच घराण्यातल्या. पण त्या वारंवार पूर्ण उतरवल्या की लवकर दमतात. अँटिमनी असलं की जाळी आणि तिच्यावरचा शिशाचा डायऑक्साइड यांची पकड चांगली राहते, खोल डिस्चार्ज पुन्हा-पुन्हा सोसता येतो.

गाडीच्या बॅटरीला स्टार्टरसाठी काही सेकंद धक्का द्यायचा असतो आणि मग डायनॅमो तिला लगेच भरतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीला तासन् तास पंखे-दिवे ओढायचे असतात. त्यामुळे गाडीला कॅल्शियम आणि घरच्या ट्यूब्युलर बॅटरीला थोडं अँटिमनी, आजकाल साधारण दोन-तीन टक्क्यांच्या आसपास. पाणी लागणं हा दोष नाही, ती टिकाऊपणाची किंमत आहे. इंजिनिअरिंग म्हणजे शेवटी हेच. फुकट काही मिळत नाही, कशाच्या बदल्यात काय सोडायचं ते ठरवायचं असतं.

आपल्या भागाला हे वेगळं सांगायला नको. २००७च्या जानेवारीत महावितरणने भिवंडीचं वीजवितरण टोरंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून दिलं. देशातला तसा हा पहिलाच प्रयोग. त्या आधीच्या आणि नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत पॉवरलूमच्या गावात इन्व्हर्टर ही चैन राहिली नव्हती. लूमचं नाव निघालं म्हणून सांगतो : पॉलिएस्टर धागा ज्या प्लास्टिकपासून काढतात, ते बनवताना बहुतेक ठिकाणी अँटिमनी ट्रायऑक्साइड उत्प्रेरक म्हणून वापरतात आणि त्याचा अगदी अल्प अंश धाग्यात राहतो. म्हणजे भिवंडीच्या मागावर अँटिमनी रोज विणलं जातं, कुणाला पत्ताही नसतो!

घरच्या बॅटरीसाठी तीन गोष्टी पक्क्या करा. पाणी डिस्टिल्डच, नळाचं नाही, कारण नळाच्या पाण्यातलं लोह आणि क्लोराइड प्लेट खराब करतात. टॉपिंगला अ‍ॅसिड कधीच घालायचं नाही. उडालंय पाणी, अ‍ॅसिड नव्हे. आणि बॅटरी बंद कपाटात ठेवायची नाही. हायड्रोजन हवेत चार टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो.

जुनी बॅटरी कुठे जाते?

इथपर्यंतची गोष्ट मजेची होती. आता गंभीर भाग.

इन्व्हर्टरची बॅटरी मेली की काय करतो? दारावर भंगारवाला येतो, काट्यावर ठेवतो, रोख पैसे देतो. दुकानदार एक्स्चेंजमध्ये कमी देत असेल तर आपण शंभर-दोनशे रुपयांसाठी भंगारवाल्याकडे वळतो. त्याला दोष देऊ नका, तो पोटासाठी फिरतो. पण त्या बॅटरीचं पुढे काय होतं?

रीतसर कारखान्यात ती बंद यंत्रात फोडतात, अ‍ॅसिड निकामी करतात, भट्टीच्या धुरातली शिशाची धूळ फिल्टरमध्ये पकडतात. बॅटरीचं निम्म्याहून जास्त वजन शिशाचं, आणि ते जवळपास सगळं परत मिळतं. अँटिमनीही शिशाबरोबर परत येतं आणि पुन्हा नव्या जाळीत जातं. जगात इतका चांगला रिसायकल होणारा माल क्वचितच असेल.

चोरट्या भट्टीत मात्र कुऱ्हाडीने फोडतात, अ‍ॅसिड जमिनीवर ओततात आणि प्लेट उघड्यावर वितळवतात. शिशाचा धूर आणि धूळ अंगणात, पाण्यात, भाजीवर आणि कामगाराच्या कपड्यांवरून त्याच्या घरात जाते. शिसं शरीरात कॅल्शियमची जागा घेतं, हाडांत जाऊन बसतं आणि दशकानुदशकं तिथेच राहतं. गिळलेल्या शिशापैकी मोठ्यांपेक्षा मुलांचं शरीर चार-पाचपट शोषून घेतं. मेंदूवर होणारा परिणाम भरून येत नाही.

आकडेमोड करून बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनेप्रमाणे रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम शिसं आढळलं तर त्याचा उगम शोधून तो बंद करायला हवा. तीनेक वर्षांच्या मुलाचं रक्त साधारण एक लिटर, म्हणजे १० डेसिलिटर. म्हणजे रक्तात ५० मायक्रोग्रॅम. शिशाची घनता ११.३४ धरली तर ५० मायक्रोग्रॅमचा घन काढल्यावर बाजू येते सुमारे ०.१६ मिलिमीटर. वाळूचा एक बारीक कण! एका बॅटरीत १० किलो शिसं धरलं, तर तेवढ्या शिशाचे कागदावर २० कोटी असे कण होतात. सगळं शिसं काही कुणाच्या रक्तात जात नाही, हे उघड आहे. पण हिशेबात चूक करायला जागा किती थोडी आहे, ते यातून कळतं.

युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेच्या २०२०च्या अहवालानुसार जगात दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलं. त्यातली २७ कोटींहून अधिक भारतातली. पेट्रोलमधलं शिसं आपण २००० साली बंद केलं. आता उरलेल्या वाटांत बॅटरीची वाट सगळ्यात रुंद आहे.

कायदा आहे. २००१ साली बॅटरीसाठी पहिले नियम आले, २०२२ साली त्यांच्या जागी बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले. विकलेल्या बॅटऱ्या परत गोळा होऊन नोंदणीकृत कारखान्यातच रिसायकल होतील, ही जबाबदारी आता उत्पादकाची आहे. पण साखळीची पहिली कडी आपल्या जिन्याखाली आहे. ती कडी तुटली की पुढचा कायदा कागदावर राहतो.

आणि स्वार्थाचंही कारण आहे. भारतात हिमाचलमध्ये लाहौल-स्पितीत बारा शिगरी हिमनदीजवळ स्टिबनाइट असल्याचं माहीत आहे, पण देशाची गरज आयातीवर भागते. २०२३ साली केंद्र सरकारने जाहीर केलेल्या ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत अँटिमनी आहे. जगात सर्वाधिक अँटिमनी काढणाऱ्या चीनने २०२४च्या सप्टेंबरपासून त्याच्या निर्यातीवर परवाना पद्धत लावली आणि भाव कडाडले. अशा वेळी जुन्या बॅटरीतलं दोन-तीन टक्के अँटिमनी म्हणजे आपली घरचीच खाण. खोदायला हिमनदीवर जायला नको.

शेवटी एवढंच

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी बॅटरी बदलाल तेव्हा जुनी बॅटरी अधिकृत डीलरलाच द्या आणि बिलावर जुनी बॅटरी परत दिल्याची नोंद करून घ्या. शंभर-दोनशे रुपये कमी मिळाले तर मिळू देत. टी.ई., बी.ई.ला प्रोजेक्टचा विषय शोधणाऱ्यांसाठीही इथे काम आहे : गावात वर्षाला किती बॅटऱ्या बदलल्या जातात आणि त्यांतल्या किती डीलरकडे परत जातात, एवढी साधी मोजणी केली तरी ग्रामपंचायतीच्या हातात कामाचा कागद पडेल.

सोन्यासारखी झळाळी नाही, लोखंडासारखा दरारा नाही. असा हा राखाडी धातूंचा जोडा डोळ्यांच्या अंजनापासून पोथीच्या अक्षरापर्यंत आणि रात्रीच्या दिव्यापर्यंत आपल्याला उजेडच देत आला आहे. त्याला योग्य हातात परत पाठवणं, एवढं आपल्याकडे लागतं.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी